वरती ३४४च, खाली काय ते बोला: टू-वे टेबलमधून जॉइंट आणि कंडिशनल प्रॉबॅबिलिटी

परवा भाची वही घेऊन आली. एफवायबीएस्सीला स्टॅट्स घेतलंय तिने, टू-वे टेबलवरची सहा गणितं सोडवली होती आणि त्यातली चार चुकली होती. गंमत म्हणजे भागाकार सगळे बरोबर, टेबलमधले आकडेही बरोबर उचललेले, चुकलं होतं ते फक्त खाली कुठला आकडा ठेवायचा ते. "मावशी, फॉर्म्युला पाठ आहे गं, पण प्रश्न वाचला की कळतच नाही कुठला लावायचा." मी अकाउंट्समध्ये आहे, दिवसाचे आठ तास एक्सेलमध्येच जातात, म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे, बस. दीड तास गेला. चहा दोनदा झाला. पण शेवटी तिला जे जमलं ते फॉर्म्युल्याने नाही, मराठीने जमलं, म्हणून इथे लिहून ठेवते, कोणाच्या तरी पोराच्या उपयोगी पडेल.

पुस्तकातली "एका वर्गात इतक्या मुलांना चहा आवडतो" वाली गणितं मी बाजूला ठेवली, त्यात जीव लागत नाही. त्याऐवजी टायटॅनिक घेतलं. खरे आकडे आहेत, आणि आर नावाचं जे फुकट सॉफ्टवेअर स्टॅट्सवाले वापरतात ना, त्यात हे टेबल आधीपासून भरलेलंच येतं. आकड्यांचं मूळ म्हणजे जहाज बुडाल्यावर ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडने केलेली चौकशी. जहाजावर नक्की किती लोक होते यावर जुन्या नोंदींमध्ये एकमत नाही, त्यामुळे दुसरीकडे थोडे वेगळे आकडे दिसले तर दचकू नका. आपण हेच धरून चालू. (कॅगल नावाच्या डेटाच्या वेबसाइटवरून जी टायटॅनिकची फाइल सगळे उतरवतात त्यातल्या मुख्य फाइलमध्ये ८९१च लोक आहेत आणि ते सगळे प्रवासी, खलाशी-बिलाशी त्यात नाहीतच, तेव्हा ती आणि ही एकमेकांत मिसळू नका.)

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला जहाज हिमनगाला घासलं, पहाटे २:२० ला बुडालं. जीवरक्षक बोटी २०, त्यात जागा ११७८ जणांची, आणि या टेबलाप्रमाणे जहाजावर माणसं २२०१. आधी बायका आणि मुलं, असा हुकूम होता. आता टेबल बघा.

| | वाचले | दगावले | एकूण |
|---|---|---|---|
| बायका | ३४४ | १२६ | ४७० |
| पुरुष | ३६७ | १३६४ | १७३१ |
| एकूण | ७११ | १४९० | २२०१ |

(लहान मुली बायकांत आणि मुलगे पुरुषांत धरलेत.)

प्रॉबॅबिलिटीच्या आधी एक काम करायचं, कंटाळा आला तरी करायचं: कडेच्या बेरजा तपासायच्या. आडव्या जुळल्या पाहिजेत, उभ्या जुळल्या पाहिजेत, आणि कोपऱ्यातला २२०१ दोन्हीकडून आला पाहिजे. परीक्षेत हटकून एखादा खण रिकामा ठेवलेला असतो, तोही याच बेरजांवरून भरायचा. समजा १२६ दिलेला नाही, तर ४७० वजा ३४४, झालं. किंवा उभ्याने १४९० वजा १३६४. दोन्हीकडून तेच आलं की समजायचं टेबल धड आहे.

मधले चार खण म्हणजे दोन-दोन गोष्टी एकत्र असलेली माणसं. ३४४ म्हणजे बाई आहे आणि वाचली. कडेचे आकडे म्हणजे एकच गोष्ट बघितली, दुसरी सोडून दिली: ४७० म्हणजे बाई, पुढे तिचं काय झालं ते इथे विचारात नाही. कोपऱ्यातला आकडा म्हणजे सगळे.

आता खरा मुद्दा. मी भाचीला तीन प्रश्न एकाखाली एक लिहून दिले.

सगळ्यांपैकी वाचलेल्या बायका किती?
बायकांपैकी वाचल्या किती?
वाचलेल्यांपैकी बायका किती?

आणि विचारलं, तिन्हीत वरचा आकडा काय? तिने जरा बघितलं आणि म्हणाली, "तिन्हीत ३४४च की!" बरोबर. तिन्ही प्रश्न त्याच ३४४ बायकांबद्दल आहेत, त्याच बोटीत बसलेल्या त्याच बायका. बदलतंय ते फक्त खालचं, आणि खालचं काय ते प्रश्नाने स्वतःच सांगितलंय: "पैकी"च्या आधी जो शब्द आहे तो खाली. सगळ्यांपैकी, खाली २२०१. बायकांपैकी, खाली ४७०. वाचलेल्यांपैकी, खाली ७११. एवढंच आहे हो, बाकी सगळी सजावट.

पहिला प्रश्न म्हणजे जॉइंट प्रॉबॅबिलिटी, पुस्तकात संयुक्त संभाव्यता म्हणतात. ३४४ भागिले २२०१, ०.१५६, म्हणजे १५.६ टक्के. डोळे मिटून जहाजावरचा कुठलाही एक माणूस उचलला तर तो "बाई आणि वाचलेली" निघायची शक्यता. जॉइंटमध्ये खाली नेहमी कोपऱ्यातला आकडा, अपवाद नाही. चारही खणांची जॉइंट काढली तर १५.६, ५.७, १६.७ आणि ६२.० येते, बेरीज शंभर. शंभर आली नाही तर कुठेतरी घोळ आहे (राउंडिंगमुळे पॉइंट एक इकडेतिकडे झालं तर चालतं, त्यावरून रात्र घालवू नका).

दुसरा आणि तिसरा प्रश्न म्हणजे कंडिशनल, सशर्त संभाव्यता. इथे आधीच काहीतरी माहीत आहे. "बाई आहे हे माहीत असताना ती वाचली असण्याची संभाव्यता काय?" बाई आहे हे कळलं त्या क्षणी १७३१ पुरुष आपल्या हिशोबातून गेले. हे भाचीला नुसतं सांगून पटेना, म्हणून तिच्या कंपासातली स्टीलची पट्टी घेतली आणि पुरुषांच्या ओळीवर आडवी ठेवली. खालची एकूणची ओळ माझ्या हाताने झाकली. आता दिसतंय काय? ३४४, १२६, ४७०. बस, एवढंच जग. या जगात एकूण किती? ४७०. त्यातल्या वाचल्या किती? ३४४. भागा: ०.७३२, म्हणजे ७३.२ टक्के.

मग पट्टी उचलली आणि उभी ठेवली, दगावलेल्यांच्या रकान्यावर, आणि एकूणचा रकाना हाताने झाकला. आता उरलं ३४४, ३६७, ७११. वाचलेल्यांपैकी बायका: ३४४ भागिले ७११, ४८.४ टक्के.

७३.२ आणि ४८.४. तीच माणसं, तोच वरचा आकडा, आणि दोन उत्तरांत पंचवीस टक्क्यांचा फरक. भाची म्हणाली, "म्हणजे वाचलेल्यांत पुरुष जास्त?" हो, जास्त, ३६७ पुरुष आणि ३४४ बायका. एखाद्याने "टायटॅनिकमधून वाचलेल्यांत पुरुषच जास्त, बायकांना आधी ही सगळी थाप" असं ठणकावून पोस्ट टाकली तर आकडा खोटा नाही काढता येणार त्याचा. पण पुरुष मुळात होतेच १७३१, आणि त्यांच्यातले वाचले ३६७, म्हणजे २१.२ टक्के, पाचातला एक. बायकांमध्ये चारातल्या तीन म्हणायला हरकत नाही. हुकूम पाळला गेला की नाही हे बघायचं असेल तर "बायकांपैकी" आणि "पुरुषांपैकी" बघायचं, "वाचलेल्यांपैकी" बघून ते कळत नाही.

आता फॉर्म्युल्याकडे येते, कारण पेपरात तो लिहावा लागतो, न लिहिल्यास मार्क कापतात. पी(वाचली | बाई) असं लिहितात, पी म्हणजे प्रॉबॅबिलिटी, मधे उभी रेघ. आणि इथेच मराठी डोक्याचा गोंधळ होतो असं माझं स्पष्ट मत आहे. आपण बोलताना अट आधी बोलतो: "बाई असेल तर वाचली असण्याची शक्यता." लिहिताना मात्र अट शेवटी, रेघेच्या उजवीकडे. म्हणजे आपल्या बोलण्याच्या उलट. डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की "वाचली असेल तर बाई" असं तोंडात येतं आणि ४७० च्या जागी ७११ जातो. भाचीच्या चार चुकांपैकी तीन याच होत्या. तेव्हा कंस उजवीकडून वाचायचा: आधी रेघेनंतरचं, त्याला "असेल तर" लावायचं, मग रेघेआधीचं. दोन दिवसांत सवय होते.

भागाकारातही तोच उलटेपणा. आपण म्हणतो "४७० पैकी ३४४", मोठा आकडा आधी. लिहितो ३४४ छेद ४७०. घाईत पोरं ४७० वर लिहून मोकळी होतात आणि उत्तर १.३७ येतं. प्रॉबॅबिलिटी एकच्या वर गेली की थांबायचं, पेन खाली ठेवायचं, उलटं लिहिलंय.

फॉर्म्युला असा: पी(वाचली | बाई) = पी(बाई आणि वाचली) ÷ पी(बाई). आकडे घाला, ०.१५६३ भागिले ०.२१३५, येतं ०.७३२, वर आलेलंच. का तेच येतं? कारण वरती ३४४/२२०१, खालती ४७०/२२०१, दोन्हीकडचा २२०१ उडतो आणि ३४४/४७० उरतं. टेबल समोर असेल तर फॉर्म्युल्याने करायची गरजच नाही, उगाच दोनदा राउंडिंग होऊन शेवटचा आकडा हलतो. फॉर्म्युला कामाला येतो तो टेबल नसताना, नुसत्या टक्केवाऱ्या दिलेल्या असताना. त्यावर पुढे येते.

पण सगळे प्रश्न "पैकी" लावून येत नाहीत, हाच तर त्रास आहे. प्रश्नात काय काय शब्द असतात ते बघा. "हे माहीत असताना", "दिलेले असताना", "जर... तर", "त्यांच्यातील", "मध्ये", हे सगळे "पैकी"चेच भाऊबंद, ज्या गोष्टीला चिकटलेत ती खाली. "आणि", "दोन्ही", "तसेच" असं असेल आणि आधी काही माहीत आहे असं म्हटलं नसेल तर जॉइंट, खाली ग्रँड टोटल, म्हणजे कोपऱ्यातला आकडा. "किंवा" आलं तर तो तिसराच प्रकार: बायका अधिक वाचलेले वजा दोनदा मोजलेल्या, म्हणजे ४७० + ७११ − ३४४ = ८३७, भागिले २२०१, ३८.० टक्के.

आणि काही वाक्यं अशी असतात की ती मुळातच धड नसतात. "वाचलेल्या बायकांचं प्रमाण किती?" आता हे कशाचं प्रमाण? सगळ्यांत? बायकांत? वाचलेल्यांत? तिन्ही अर्थ निघतात, तिन्ही उत्तरं वेगळी. "महिला मतदारांचं मतदान ५० टक्के" असं कुठे वाचलंत तर विचारा, महिलांपैकी निम्म्यांनी मत दिलं की पडलेल्या मतांपैकी निम्मी महिलांची? मी तर आता पेपर वाचताना मनातल्या मनात "पैकी" घालून बघते, बसत नसेल तर वाक्य सोडून देते. गणितात असं वाक्य आलं तर उत्तराच्या आधी एका ओळीत लिहायचं, "बायकांपैकी असे धरले आहे". तपासणाऱ्याला निदान कळतं तुम्ही काय धरलंय.

हे मी शहाणपणाने सांगतेय असं समजू नका, मी स्वतः तोंडघशी पडलेय. आधीच्या एका नोकरीत डेपोवार तक्रारींचा तक्ता केला होता, माल फुटून पोचला वगैरे. एका डेपोच्या तक्रारी सगळ्यात जास्त, मी लाल रंग भरून वर पाठवला, तिथल्या इनचार्जला फोन गेला, तो बिचारा दोन दिवसांनी शांतपणे म्हणाला, "मॅडम, निम्म्या गाड्या आमच्याकडनंच सुटतात." मी "तक्रारींपैकी या डेपोच्या किती" काढलं होतं, काढायला हवं होतं "या डेपोच्या गाड्यांपैकी तक्रारी किती". तसं काढल्यावर तो डेपो यादीत खाली गेला. माफी मागितली, पण लाल रंग सगळ्यांनी बघितलेला होता.

टायटॅनिकमध्ये अगदी हेच दिसतं, फक्त बायका-पुरुषांऐवजी वर्ग घ्या.

| | वाचले | दगावले | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला वर्ग | २०३ | १२२ | ३२५ |
| दुसरा वर्ग | ११८ | १६७ | २८५ |
| तिसरा वर्ग | १७८ | ५२८ | ७०६ |
| खलाशी व कर्मचारी | २१२ | ६७३ | ८८५ |
| एकूण | ७११ | १४९० | २२०१ |

वाचलेल्यांपैकी सगळ्यात जास्त कोण? कर्मचारी, २१२, म्हणजे ७११ पैकी २९.८ टक्के. पहिल्या वर्गाचे २०३, २८.६ टक्के, त्यांच्या खालीच. आता पट्टी आडवी करा. पहिल्या वर्गापैकी वाचले ६२.५ टक्के, दुसऱ्यापैकी ४१.४, तिसऱ्यापैकी २५.२, कर्मचाऱ्यांपैकी २४.० टक्के. एका यादीत जे पहिले तेच दुसऱ्या यादीत शेवटचे. कर्मचारी मुळात ८८५ होते, सगळ्यात मोठा गट, म्हणून वाचलेल्यांतही त्यांचीच डोकी जास्त. माझ्या डेपोसारखंच.

टेबल दोन बाय दोन असो की चार बाय दोन, पद्धत तीच राहते, खण वाढतात एवढंच. या प्रकारच्या टेबलाला कॉन्टिन्जन्सी टेबल असंही नाव आहे, १९०४ साली कार्ल पिअर्सनने दिलेलं, पेपरात हा शब्द आला तर घाबरू नका, तेच टेबल आहे.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर हे सगळं तीन क्लिकचं काम आहे. प्रत्येक माणसाची एक ओळ अशी यादी असेल तर इन्सर्टमधून पिव्हट टेबल घ्या, लिंग "रोज"मध्ये (म्हणजे ओळींत) ओढा, निकाल (वाचले की दगावले) "कॉलम्स"मध्ये, आणि नाव किंवा असाच कुठलातरी रिकामा नसलेला अक्षरांचा कॉलम "व्हॅल्यूज"मध्ये. तिथे आकड्यांचा कॉलम टाकलात, समजा तिकीट नंबर, तर एक्सेल मोजण्याऐवजी तिकीट नंबरांची बेरीज करून ठेवतं आणि टेबलमध्ये काहीतरी कोटीच्या घरातलं दिसतं, तेव्हा "सम"चं "काउंट" करायचं. मग कुठल्याही आकड्यावर राइट क्लिक, "शो व्हॅल्यूज ॲज". त्यात "पर्सेंट ऑफ ग्रँड टोटल" म्हणजे जॉइंट. "पर्सेंट ऑफ रो टोटल" म्हणजे ओळीत जे आहे त्याच्यापैकी, इथे बायकांपैकी, पुरुषांपैकी. "पर्सेंट ऑफ कॉलम टोटल" म्हणजे वाचलेल्यांपैकी, दगावलेल्यांपैकी. कुठलं निवडलंय ते विसरायला होतं, म्हणून बघायचं की शंभर टक्के कुठे दिसतंय. ज्या बाजूला शंभर, ते "पैकी". प्रत्येक ओळीच्या शेवटी शंभर असेल तर भागाकारात खाली ओळींच्या बेरजा आहेत, प्रत्येक रकान्याच्या तळाशी शंभर असेल तर रकान्यांच्या. ऑफिसात कोणी टक्केवारीचं टेबल हातात दिलं की मी सगळ्यात आधी शंभर शोधते. हाताने फॉर्म्युला टाकून खेचत असाल तर डॉलरचं चिन्ह लावायला विसरू नका, ओळीच्या बेरजेने भागताना कॉलमच्या अक्षराआधी डॉलर, रकान्याच्या बेरजेने भागताना ओळीच्या नंबरआधी, आणि ग्रँड टोटलला दोन्हीकडे.

आता नुसत्या टक्केवाऱ्या देतात ते. "जहाजावर २१.४ टक्के बायका. बायकांपैकी ७३.२ टक्के वाचल्या, पुरुषांपैकी २१.२ टक्के. तर वाचलेली व्यक्ती बाई असण्याची संभाव्यता काढा." इथे पोरं बेझचा फॉर्म्युला ("बायकांपैकी वाचल्या"वरून "वाचलेल्यांपैकी बायका" काढायचा) आठवत बसतात. आठवला तर उत्तम. नाही आठवला तर १००० माणसं धरा आणि टेबल स्वतः बनवा. १००० पैकी बायका २१४, पुरुष ७८६. २१४ च्या ७३.२ टक्के म्हणजे १५७ वाचल्या. ७८६ च्या २१.२ टक्के म्हणजे १६७ वाचले. वाचलेले एकूण ३२४. त्यांच्यापैकी बायका १५७, म्हणजे ४८.५ टक्के. खऱ्या टेबलवरून ४८.४ आलं होतं, राउंडिंगने एवढं हलणारच. जास्त नेमकं हवं तर १००० ऐवजी १ लाख धरा, कोण अडवतंय. आजाराच्या टेस्टवरची गणितं, म्हणजे "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर खरंच आजार असण्याची शक्यता", ती पण अशीच सुटतात, बेझचं नावही न घेता.

लिंगाचा आणि वाचण्याचा काही संबंध होता की नुसता योगायोग, हे पण याच टेबलवरून बघतात. काहीच संबंध नसता तर बायकांपैकी आणि सगळ्यांपैकी वाचायचं प्रमाण सारखंच आलं असतं. सगळ्यांपैकी वाचले ३२.३ टक्के, बायकांपैकी ७३.२. सारखं नाही, विषय संपला. पुस्तकी पद्धत म्हणजे दोन कडेच्या प्रॉबॅबिलिटींचा गुणाकार करून जॉइंटशी ताडून बघायचं: ०.२१३५ गुणिले ०.३२३० म्हणजे ०.०६९, आणि प्रत्यक्षात जॉइंट आहे ०.१५६. माणसांत सांगायचं तर संबंध नसता तर साधारण १५२ बायका वाचल्या असत्या, वाचल्या ३४४. एक सांगते, गुणाकार करून जॉइंट काढायची सवय भाचीलाही होती, "आणि म्हणजे गुणिले" असं कोणीतरी डोक्यात घातलंय. ते फक्त दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल तेव्हाच. एरवी "बाई असण्याची गुणिले बाई असेल तर वाचण्याची", ०.२१३५ गुणिले ०.७३१९, तेव्हा कुठे ०.१५६ येतं.

इथपर्यंत सिलॅबस संपतो. पण भाचीने स्वतःहून एक प्रश्न विचारला त्यामुळे चहाची दुसरी खेप झाली. म्हणाली, "तिसरा वर्ग २५.२ आणि कर्मचारी २४.०, म्हणजे तिसऱ्या वर्गाचे लोक कर्मचाऱ्यांपेक्षा जरा तरी बरे वाचले ना?" वरच्या टेबलवरून तसंच दिसतं. म्हटलं, आता दोन्ही टेबलं एकात घालू.

| | बायका: वाचल्या / एकूण | पुरुष: वाचले / एकूण |
|---|---|---|
| पहिला वर्ग | १४१ / १४५ | ६२ / १८० |
| दुसरा वर्ग | ९३ / १०६ | २५ / १७९ |
| तिसरा वर्ग | ९० / १९६ | ८८ / ५१० |
| खलाशी व कर्मचारी | २० / २३ | १९२ / ८६२ |

तिसऱ्या वर्गातल्या बायकांपैकी वाचल्या ४५.९ टक्के, कर्मचारी बायकांपैकी ८७.० टक्के. कर्मचारी पुढे. तिसऱ्या वर्गातल्या पुरुषांपैकी वाचले १७.३ टक्के, कर्मचारी पुरुषांपैकी २२.३ टक्के. इथेही कर्मचारीच पुढे. बायकांत पुढे, पुरुषांत पुढे, आणि दोघं एकत्र केले की मागे! भाचीने तीनदा कॅल्क्युलेटर मारला. बेरीज चुकलेली नाही, ९० आणि ८८ म्हणजे १७८, २० आणि १९२ म्हणजे २१२, सगळं जुळतं.

होतं असं की ८८५ कर्मचाऱ्यांपैकी ८६२ पुरुष होते, ९७ टक्क्यांच्या वर. तिसऱ्या वर्गात ७०६ पैकी १९६ बायका, २७.८ टक्के. त्या रात्री बाई असण्याचा फायदा इतका मोठा होता की ज्या गटात बायका जास्त त्याची एकूण टक्केवारी वर खेचली गेली. स्टॅट्समध्ये याला सिम्पसनचा पॅराडॉक्स म्हणतात. टेबलच्या भाषेत एवढंच की "तिसऱ्या वर्गापैकी" हा खालचा आकडा आणि "तिसऱ्या वर्गातल्या पुरुषांपैकी" हा खालचा आकडा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फक्त तो ८७ टक्के वापरताना जरा हात आखडता घ्या, खाली २३च बायका आहेत, एक इकडची तिकडे झाली असती तर चार टक्क्यांनी आकडा हलला असता.

जाताना तिला याच शेवटच्या टेबलवरचे तीन प्रश्न दिले, तुम्हीही करून बघा, मग खाली उत्तरं बघा. एक, पहिल्या वर्गातली बाई आहे हे माहीत असताना ती वाचली असण्याची संभाव्यता. दोन, सगळ्यांपैकी, तिसऱ्या वर्गातला पुरुष आणि वाचलेला. तीन, प्रत्येक वर्गातल्या पुरुषांपैकी वाचले किती, आणि सगळ्यात वाईट अवस्था कोणाची.

पहिल्याचं उत्तर १४१/१४५, ९७.२ टक्के, गेल्या फक्त चौघी. दुसऱ्याचं ८८/२२०१, ४.० टक्के (८८/५१० लिहिलंत तर परत "पैकी"कडे जा). तिसऱ्याला तिने न काढताच "तिसऱ्या वर्गाचे" असं लिहून टाकलं होतं. रात्री मेसेज आला: पहिला ३४.४, तिसरा १७.३, कर्मचारी २२.३, आणि दुसरा वर्ग १७९ पैकी २५, म्हणजे १४.०. "मावशी, दुसऱ्या वर्गाचे पुरुष सगळ्यात खाली कसे काय गं?" मी लिहिलं, ते या टेबलात नाहीये, उद्या लायब्ररीत बघ.